बंद थिएटर आणि त्याच्या डोक्यावर ३४ मजले: हरकतीत नेमकं काय लिहू?

पागोळी (मंगळवार, रात्री १०.५०)

नमस्कार ठाणेकर मंडळी,

आमच्या इमारतीच्या पाठीला पाठ लावून एक थिएटर आहे. नाव लिहीत नाही. जुन्या ठाण्यातले लोक दोन ओळींत ओळखतील, बाकीच्यांना नावाने फरक पडत नाही. बंद पडून नऊ वर्षं झाली. पुढच्या दाराला कुलूप, पायऱ्यांवर एक मोबाइल कव्हरवाला आणि मोसंबी ज्यूसची गाडी. रिक्षात बसले की पत्ता मात्र अजून 'टॉकीजपाशी' असाच सांगते आणि रिक्षावाल्याला तो कळतो.

आमचं स्वयंपाकघर आणि थिएटरची मागची भिंत यांच्यात जेमतेम पाच फुटांची बोळ आहे. पडदा नेमका आमच्या बाजूला, त्यामुळे भोंगे आमच्याकडे पाठ करून. लहानपणी मी सिनेमे पाहिले कमी, ऐकले जास्त. मारामारी कुठली, रडारड कुठली, हे भांडी विसळता विसळता कळायचं. एक सिनेमा तर पंचवीस आठवडे आमच्याकडे मुक्कामाला होता. आई रात्री घड्याळ बघायचीच नाही. "शेवटचा खेळ सुटला, आता तरी दिवा घालव," म्हणजे सव्वाबारा.

असो. मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात पेपरात पान सातवर, तळहाताएवढी नोटीस आली. विकास आराखड्यात त्या जागेवर मनोरंजनाचा वापर दाखवलाय, तो बदलून रहिवास करायचा, कलम ३७ खाली फेरबदल. हरकती-सूचना एक महिन्यात द्या. त्यातले नऊ दिवस गेलेले आहेत.

रविवारी विकासकाच्या लोकांनी आसपासच्या चार सोसायट्यांना बोलावून सादरीकरण केलं. कचोरी, पेढा, पाण्याची छोटी बाटली. योजना अशी: थिएटरची दर्शनी बाजू, आतला दगडी जिना आणि फॉयर, म्हणजे प्रवेशाचं दालन, तसंच ठेवणार. प्रेक्षागृह नव्याने बांधणार, पूर्वी ७८० खुर्च्या होत्या, आता ३००. त्याला 'सांस्कृतिक केंद्र' म्हणणार. मागे आणि थोडं वर ३४ मजली टॉवर, पाच मजले पार्किंगचं पोडियम, खाली दोन तळघरं. टॉवरच्या पैशातून थिएटरचं जतन होणार, म्हणून तुम्ही पाठिंब्याचं पत्र द्या. चित्रफीत सुंदर होती. संध्याकाळचा सोनेरी उजेड, थिएटरसमोर कोट घातलेली माणसं चाललीत, आणि पूर्ण रस्त्यावर एकही रिक्षा नाही! मला संशय आला तो तिथे.

मी एकच प्रश्न विचारला. थिएटर आधी होणार की टॉवर? उत्तर आलं, "दोन्ही समांतर चालेल, मॅडम."

मी पतपेढीत कर्जविभागात बावीस वर्षं काढली आहेत. ज्या अर्जात 'समांतर' हा शब्द असतो, त्याचा हप्ता सगळ्यात आधी थकतो.

मी विरोधासाठी विरोध करणारी नाही. आमचीही इमारत पासष्ट सालची, लिफ्ट नाही, ह्यांचे गुडघे गेलेत. उद्या आमचा पुनर्विकास आला तर मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या टॉवरला नाही म्हणू? पण 'थिएटर वाचवतो' असं सांगून जे मागितलं जातंय, त्यातलं थिएटर खरंच मिळावं, एवढं मला हवंय. हरकतीत काय लिहिलं तर त्याला वजन येतं? 'ठाण्याचा सांस्कृतिक वारसा' वगैरे लिहून फायदा नाही, एवढं कळतं.

---

घोडबंदर_१९वा_मजला (मंगळवार, रात्री ११.३५)

काकू, राग मानू नका. थिएटर चालत होतं तेव्हा तुम्ही तिथे शेवटचं तिकीट कधी काढलं होतं? मी ठाण्यात वाढलो, शेवटचा सिनेमा तिथे कॉलेजात असताना पाहिला, तोही मॉलमधलं तिकीट परवडत नव्हतं म्हणून. प्रेक्षकांनी सोडलं आणि थिएटर बंद पडलं, टॉवर तर आत्ता आलाय.

आणि नौपाडा-चरईवाल्यांना वाटतं ठाणं तीन हात नाक्याला संपतं. आम्ही इकडे कासारवडवलीला मेट्रोचे खांब मोजत दीड तास बसमध्ये बसतो. टँकरचं पाणी विकत घेतो. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर २०० कुटुंबं राहायला आली तर बिघडलं काय? १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली ना, मग वस्ती स्टेशनला धरूनच दाटणार. टॉवर तिथे नको म्हणालात की तो इथे येतो, आणि मी रस्त्यात अजून वीस मिनिटं उभा राहतो.

---

नकाशा_लावा (बुधवार, सकाळी ७.१०)

पागोळीताई, मी आर्किटेक्टच्या ऑफिसात मंजुरीचं काम बघतो. तुमचा हा प्रकल्प माहीत नाही, त्यामुळे सगळं सर्वसाधारण सांगतोय.

एक. नोटीस कलम ३७ ची, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. महापालिका हरकती घेते, बाधितांना ऐकते आणि प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवते. अंतिम मंजुरी सरकारची, आणि ती अटी घालून देता येते. म्हणून नुसतं 'विरोध आहे' लिहू नका. 'मंजुरी दिलीच तर पुढील अटींवर द्यावी' असं लिहा आणि अटींची भाषा तुम्हीच द्या. फाइल हाताळणाऱ्याला तयार वाक्य मिळालं की ते पुढे सरकायची शक्यता वाढते. 'मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी' हेही त्याच कागदावर लिहा. तुमची भिंत पाच फुटांवर आहे, तुम्ही बाधित नाही तर कोण?

दोन. पत्रकावर 'जतन' आणि नकाशावर 'पाडणे' असं खूपदा असतं. नोटिशीत नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला मिळेल असं लिहिलेलं असणार. जा आणि बघा. राखायचं बांधकाम कुठल्या रंगात दाखवलंय, पाडायचं कुठल्या, ते रंगसूचीशी ताडून घ्या. फक्त दर्शनी भिंत राहणार असेल तर ते जतन नव्हे. मागून पोलादी टेकू देऊन भिंत उभी ठेवतात आणि आतलं सगळं नवं. बाहेरून फोटो छान येतो, बस.

तीन. स्ट्रक्चरल ऑडिट कोणी केलं आणि इमारत कुठल्या वर्गात टाकली, ते मागवा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्ती. आज सी-२ए असलेली इमारत दोन पावसाळे छपराची कौलं न बदलता ठेवली की आपोआप सी-१ होते, आणि मग जतनाचा विषयच संपतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमचे एकवीसच उरलेत, तरी आजच टाका. सुनावणीपर्यंत कागद हातात येईल.

चार. रस्ता. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीसमोरचा मुख्य रस्ता किमान १२ मीटर हवा असं आहे. दुपारी बाजार उठल्यावर टेप घेऊन मोजा. मोबाइल कव्हरवाल्याची गाडी धरून मोजू नका, ती अतिक्रमणात जाते.

आणि थिएटर आधी की टॉवर आधी, हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साधी अट अशी असते: थिएटरचं काम पूर्ण झाल्याशिवाय टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी (ओसी), मिळणार नाही.

---

कार्बनकांडी (बुधवार, दुपारी ३.२०)

ताई, मी तुमच्या त्या थिएटरात नव्हतो, पण ठाण्यात आणि कल्याणात मिळून एकतीस वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. तुमच्या थिएटरच्या केबिनमध्ये मात्र दोनदा बदलीवर बसलोय.

तुम्हाला एक सांगतो, जे सादरीकरणात कोणी सांगितलं नसणार. ते आधी नाटकाचं थिएटर होतं. पडद्यामागे रंगमंच आहे, चांगला खोल. पडदा नंतर पुढे लावला. बाल्कनीच्या कठड्याला आणि बाजूच्या भिंतींना काथ्याचे तक्ते आहेत, वर कापड. म्हणून तिथे आवाज घुमत नव्हता. मागच्या रांगेतला म्हातारा खोकला तर पुढच्याला कळायचं, पण प्रतिध्वनी नाही. नव्या हॉलमध्ये हे सगळं यंत्राने करतात, होतंही. पण '३०० खुर्च्या' म्हणताना त्यांना विचारा, रंगमंच राहणार का? की सपाट जमीन, घडीच्या खुर्च्या आणि लग्नाचं बुकिंग? 'सांस्कृतिक केंद्र' म्हणून मी ज्या जागा पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मुंजीचा मांडव बघितलाय.

दुसरं, टॉवरचा काही भाग 'वर' येणार म्हणता. ३४ मजल्यांचे खांब जमिनीपर्यंत यायला हवेत. ते हॉलमधून येणार की हॉलच्या वर जाड तुळई टाकून बाजूला वळवणार? तुळई महाग पडते. स्वस्तात करायचं तर खांब हॉलमध्ये उतरतात, आणि खांबामागच्या खुर्चीत बसून कोण नाटक बघणार! नकाशावाले साहेब जास्त सांगतील.

पूर्वी कार्बनच्या दोन कांड्या जाळून उजेड करायचो. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं, तेवढ्या वेळात दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ लावून तयार. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की बदल. तुम्ही भिंतीतून ऐकत होता तेव्हा मधेच अर्धा सेकंद आवाज दबला असेल, तो आमचा हात.

---

पागोळी (बुधवार, रात्री ९.४०)

कार्बनकांडी, तो दबलेला अर्धा सेकंद मला माहीत आहे!! मी इतकी वर्षं समजत होते की ते गाणंच तसं आहे. नंतर टीव्हीवर ऐकलं तेव्हा वाटलं, हे लोक तो थांबा का घेत नाहीत.

घोडबंदर, राग नाही. तिकिटाचं खरं सांगते: शेवटचं २०१२ मध्ये, सासूबाईंना घेऊन. खुर्चीतून ढेकूण आले, परत गेलो नाही. तुमचा चिमटा बरोबर आहे, आणि २०० कुटुंबं स्टेशनजवळ राहावीत हेही बरोबर. माझा टॉवरवर राग नाही. माझं म्हणणं एवढंच, की जादा काही मागताना थिएटर तारण म्हणून दाखवलंय. मग ते तारण कागदावर तरी आणा. आमच्याकडे कोणी 'सोनं घरी आहे, नंतर आणून देतो' म्हणालं तर आम्ही कर्ज देत नव्हतो.

आज नकाशा बघून आले. टेबलावर पसरायला जागा नव्हती, एका बाईंनी खिडकीत धरून दाखवला. दर्शनी भिंत आणि जिना 'राखणे'. बाकी प्रेक्षागृह, रंगमंच, मागची भिंत, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरासमोरची, सगळं 'पाडणे'. तळघराची रेषा आमच्या कुंपणापासून किती लांब आहे ते पाहिलं आणि घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

रस्ता मोजला. एका टोकाला साडेनऊ मीटर, देवळापाशी पावणेनऊ. कव्हरवाला टेपचं दुसरं टोक धरायला आनंदाने आला.

नकाशा_लावा, भोगवट्याची अट मी लिहून टाकते.

---

घोडबंदर_१९वा_मजला (बुधवार, रात्री १०.१५)

थांबा! काकू, ती अट लिहू नका.

आम्ही ओसीशिवाय दोन वर्षं राहिलोय. बिल्डरने ताबा दिला, आम्ही राहायला गेलो, काय करणार, भाडं आणि हप्ता दोन्ही भरायला परवडत नव्हतं. ओसी अडली ती बिल्डरच्या बगिचाच्या कुठल्या तरी अटीसाठी. त्याचे सगळे फ्लॅट विकून झाले होते, पैसे घेऊन तो पुढच्या प्रकल्पावर. चकरा आम्ही मारल्या. बगिचा अजून झालेला नाही, ओसी मात्र शेवटी मिळाली, कारण आमची २०० कुटुंबं रोज जाऊन बसायची आणि प्रत्येकाला आमचीच दया यायची. तुमच्या थिएटरचंही तेच होईल. फ्लॅटवाले म्हणतील, थिएटरसाठी आमचं पाणी का अडवता? आणि ते खोटं बोलत नसतील.

विकासकाचा जीव ओसीत नसतो. तो विक्रीत असतो.

---

नकाशा_लावा (गुरुवार, सकाळी ६.५५)

मान्य. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण टेबलाच्या या बाजूला बसलो की ओसी शेवटचा टप्पा वाटतो.

मग अट मागे ओढा. बांधकामाची परवानगी टप्प्याटप्प्याने येते. आधी जोत्यापर्यंत, मग जोता प्रमाणपत्र, मग वरचे मजले. थिएटर 'जोत्यावरच्या परवानगी'ला बांधा. त्या वेळी विकासकाला घाई असते आणि रहिवासी अजून आलेले नसतात.

पण यात एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. थिएटर आधी पूर्ण सजवलं आणि नंतर शेजारी दोन तळघरं खणली, तर गिलावा, नक्षी, फरशी सगळ्याला तडे जाणार. म्हणून काम दोन भागांत पाडावं लागतं. खणायच्या आधी थिएटरचा पाया, भिंती आणि छप्पर मजबूत करणं. खुर्च्या, गिलावा, वीज, रंगमंच हे पोडियम वर आल्यानंतर. दुसऱ्या भागाच्या पैशाची बँक हमी आधीच महापालिकेकडे ठेवायची. काम झालं नाही तर हमी वटवून महापालिकेने करून घ्यायचं.

कार्बनकांडी, खांबांबद्दल तुमचं अगदी बरोबर. खांब हॉलच्या आत उतरत नाहीत हे दाखवणारा छेद-नकाशा ताईंनी मागावा.

---

पागोळी (गुरुवार, दुपारी १.३०)

बँक हमी! हे माझ्या भाषेत आलं.

रात्रभर एक गोष्ट डोक्यात होती. महारेरात फ्लॅट घेणाऱ्यांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, जमीन आणि बांधकामासाठीच काढता येतात. ते बरंच आहे. पण ते खातं टॉवरचं झालं. थिएटरच्या नावाचं खातं कुठे आहे? सादरीकरणात थिएटरचा खर्च किती, हा आकडाच नव्हता. कचोरीचा हिशोब त्यांच्याकडे नक्की असेल.

---

मु_पो_कळवा (गुरुवार, संध्याकाळी ६.०५)

मूळचा कोल्हापूरचा, सध्या कळव्यात. माझ्या शहरात ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ चं, शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. लोक रस्त्यावर उभे राहून रडले, हे मी वाढवून सांगत नाही. ते नाट्यगृह सार्वजनिक मालकीचं होतं म्हणून सरकारी पैशाने उभारायचं हे लगेच ठरलं, कुणाला फ्लॅट विकावे लागले नाहीत. खाजगी थिएटराची पंचाईत ही, की मालकाला 'परवडत नसलं तरी चालव' असं कोण सांगणार?

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस बघा. १९११ मध्ये पंचम जॉर्जने उद्घाटन केलं, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला परत उघडलं. तेवीस वर्षं लागली, आणि मालक गोंडलचं राजघराणं. प्रत्येक थिएटराला राजघराणं मिळत नाही. इरॉस १९३८ चं, जवळजवळ बाराशे खुर्च्यांचं होतं. आता परत सुरू झालंय ते तीनशेच्या आसपास खुर्च्या आणि आयमॅक्सचा पडदा घेऊन. म्हणजे ३०० हा आकडा ऐकून दचकू नका, तेवढंच चालतं. खुर्च्या किती यापेक्षा ते चालवणार कोण, ते विचारा.

---

कार्बनकांडी (गुरुवार, रात्री ८.४५)

कळवेकर बरोबर बोलले. थिएटर बांधायला एकदाच पैसे लागतात, चालवायला रोज लागतात. वातानुकूलनाचं बिल खेळाला दहा माणसं असली तरी तेच. आमच्या मालकांनी शेवटच्या दोन वर्षांत सकाळच्या खेळाला पंखेच लावले होते.

आणि एक. शेवटचा खेळ सव्वाबाराला सुटायचा असं ताई म्हणाल्या. आता थिएटरच्या वर ३४ मजले लोक झोपलेले असणार. ध्वनी नियम २००० चे आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. पहिल्या नाटकाचा तिसरा अंक सुरू होईल आणि बाराव्या मजल्यावरून फोन जाईल. मग प्रयोग दुपारी करा, मग फक्त शनिवारी करा, मग महिला मंडळाची हळदीकुंकवं. असं थिएटर मरतं, कुलूप न लावता.

---

पागोळी (शुक्रवार, रात्री ११.१०)

मी हसले आणि मग हसू गेलं. ज्या भिंतीतून सिनेमे ऐकत मी मोठी झाले, ती आता नियमात बसत नाही. आम्ही कधी तक्रार केली नाही, कारण थिएटर आधीचं आणि आमची इमारत नंतरची. अण्णा म्हणायचे, देवळाशेजारी घर घेतलं की घंटेबद्दल बोलायचं नाही.

कच्चा मसुदा लिहिलाय. ठोकून काढा.

"प्रस्तावित फेरबदलामुळे मनोरंजनाचा वापर जाऊन रहिवास वापर येतो. याच्या बदल्यात अर्जदाराने थिएटरचे जतन करण्याचे जाहीरपणे सांगितले आहे. सदर आश्वासन मंजुरीच्या आदेशात अट म्हणून नमूद नसल्यास ते विनातारण राहते. तरी फेरबदल मंजूर झाल्यास पुढील अटी असाव्यात. राखावयाच्या भागात दर्शनी भिंत व जिन्याबरोबर मूळ रंगमंचाची खोली व बाल्कनीचा समावेश असावा आणि टॉवरचा एकही खांब प्रेक्षागृहात उतरू नये. तळघराचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी थिएटरचा पाया, भिंती व छप्पर यांचे मजबुतीकरण पूर्ण करून त्याची तपासणी व्हावी. त्याशिवाय जोत्यावरील परवानगी देऊ नये. उर्वरित कामाच्या संपूर्ण खर्चाची बँक हमी महापालिकेकडे ठेवावी. थिएटरची मालकी, ते चालविण्याची जबाबदारी व त्याचा वार्षिक खर्च कोणी सोसावयाचा हे मंजुरीपूर्वी ठरवून नोंदणीकृत कराराने बांधावे. तो भार फ्लॅटधारकांच्या सोसायटीवर नंतर टाकू नये. फ्लॅटच्या विक्री करारात शेजारी चालू थिएटर असल्याचे व त्याच्या प्रयोगांच्या वेळा स्पष्ट लिहाव्यात. थिएटर व निवासी भाग यांच्यामध्ये ध्वनिरोधक बांधकामाचा तपशील नकाशात दाखवावा. लगतच्या इमारतींची सद्यस्थिती खोदकामापूर्वी छायाचित्रांसह नोंदवावी. समोरील रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी ८.७५ ते ९.५ मीटर आहे. अग्निशमन दलाचे त्यावरील मत जाहीर करावे."

रस्त्याचं वाक्य ह्यांना नकोय. म्हणतात, उद्या आपल्याही पुनर्विकासात तोच रस्ता आडवा येईल. मी ठेवलंय. रस्ता काही माझ्यासाठी रुंद होणार नाही.

---

घोडबंदर_१९वा_मजला (शनिवार, सकाळी ९.२०)

सोसायटीवर भार नको हे वाक्य माझ्याकडून अजून जाड अक्षरांत. उद्या तिथे फ्लॅट घेणारा माझ्यासारखाच कुणीतरी असेल.

खरं सांगू, मला टॉवर हवाच आहे. पण या अटींसकट हवा. सही करू का? पत्ता घोडबंदरचा चालेल?

---

नकाशा_लावा (शनिवार, सकाळी ११.००)

हरकत कोणीही देऊ शकतो, पण शेजाऱ्यांच्या सह्या वर आणि बाकीच्या खाली ठेवा. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत दिलेल्या बऱ्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

'लगतच्या इमारतींची सद्यस्थिती' त्यांच्यावर सोडू नका, तुमची तुम्ही आत्ताच नोंदवा. असलेल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवायची, तारीख लिहायची, फोटो काढायचा. खोदकाम सुरू झाल्यावर काच तडकली तर भेग वाढली हे सांगायला वकील लागत नाही.

---

कार्बनकांडी (शनिवार, दुपारी १२.३०)

काचा माझ्याकडे आहेत. आमच्या थिएटरात जाहिरातीच्या स्लाइडी दाखवायचो, त्यांच्या रिकाम्या काचा अजून एका डब्यात पडून आहेत. एकदम पातळ, याच कामाला लागतील असं वाटलं नव्हतं. उद्या रविवार, दुपारी येऊ का? मागची भिंत बाहेरून कधी बघितलीच नाही, नेहमी आतून.

---

पागोळी (शनिवार, दुपारी १२.५५)

या. बोळीकडच्या दाराने या, पुढच्या बाजूला मोसंबीवाल्याची गाडी असते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत तीन भेगा आहेत, एक ओट्याच्या वर, ती २६ जुलैच्या पावसापासूनची. तिला वेगळी तारीख लिहायला लागेल.

सोमवारी अर्धी रजा टाकली आहे. आवक क्रमांक मिळाला की इथे लिहिते.

---

पागोळी (सोमवार, दुपारी २.४०)

शिक्का मिळाला. सोबत सतरा सह्या, त्यातली एक घोडबंदरची, एक कव्हरवाल्याची. खिडकीतल्या मुलाने कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "मॅडम, हे थिएटर म्हणजे ते मोसंबीवाल्याच्या मागचं?"

हो म्हणाले.